इथे सही करा, माहिती मिळाली

अण्णा एसटीत कंडक्टर होते, एकतीस वर्षं. त्यामुळे त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास हॉस्पिटलच्या बेडवर उठून बसून ते सलाईनच्या स्टँडला म्हणाले, "बोला, कुठलं देऊ? इस्लामपूर?" तेव्हा मला आधी हसू आलं. वाटलं, बरं वाटायला लागलंय, गंमत करतायत. मग त्यांच्या कपाळावरचा घाम दिसला. एसी चालू होता आणि बनियन भिजून अंगाला चिकटलं होतं. हात थरथरत होते. मी "अण्णा" म्हणून हाक मारली तर त्यांनी माझ्याकडे अनोळखी प्रवाशाकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाले, "सुट्टे द्या."

साखर एक्केचाळीस होती.

ग्लुकोज शिरेतून गेल्यावर काही मिनिटांत अण्णा परत अण्णा झाले. "काय झालं गं? सगळे इथे का उभे आहेत?" म्हणून विचारायला लागले. तेव्हा कुठे मला दीड तासापूर्वीचा प्रसंग आठवला, आणि तो आठवल्यापासून आजपर्यंत मी तो विसरू शकलेले नाही.

पित्ताशयातल्या खड्यांमुळे इन्फेक्शन होऊन ते अॅडमिट होते. त्या सकाळी एमआरआयसाठी त्यांना रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं. साडेसातला एक सिस्टर आल्या. जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी, रात्रपाळी संपवायच्या घाईत. चार्टवर नाश्त्याआधीचं इन्सुलिन लिहिलेलं होतं, ते तिने काढलं. अण्णा म्हणाले, "अहो सिस्टर, मी उपाशी आहे आज. नाश्ता नाहीये मला." ती म्हणाली, "काका, डॉक्टरांनी लिहिलंय." अण्णा पुन्हा म्हणाले, "पण घरी मी खाल्ल्याशिवाय घेत नाही."

आणि लॅपटॉपवरून मान वर न करता मी म्हणाले, "अण्णा, त्यांना त्यांचं काम करू द्या ना."

अण्णा गप्प झाले. त्यांनी दंड पुढे केला.

हा लेख सिस्टरच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकते. रात्रभर अठरा पेशंट तिच्या एकटीच्या गळ्यात होते. इन्सुलिनची ऑर्डर एका डॉक्टरने लिहिली होती, उपाशी ठेवायची दुसऱ्याने, आणि दोन्ही ऑर्डरी एकाच फाईलमध्ये एकमेकींची ओळख नसल्यासारख्या पडून होत्या. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दोन टीमनी आपापला कोड बरोबर लिहावा आणि जोडल्यावर सिस्टिम कोसळावी, हे मी दर महिन्याला बघते. आमच्याकडे अशा वेळी पहिला प्रश्न 'कोणी केलं' हा विचारायचा नसतो, निदान चांगल्या कंपनीत तरी. 'हे कुणालाच कसं दिसलं नाही' हा विचारायचा असतो.

इथे तर एकाला दिसलं होतं. त्या खोलीत दोन्ही ऑर्डरी माहीत असलेला एकच माणूस होता. त्याच्या पोटात अन्न नव्हतं आणि समोर सुई होती. त्याने दोनदा सांगितलं. त्याला गप्प करणाऱ्यांत मी होते.

दुपारी फाईल चाळताना मला एक कागद सापडला. 'पेशंट अँड फॅमिली एज्युकेशन'. त्यात रकाने होते: औषधांच्या सुरक्षित वापराबद्दल, पडण्याच्या धोक्याबद्दल, इन्फेक्शन टाळण्याबद्दल, हक्क आणि जबाबदाऱ्यांबद्दल. प्रत्येकापुढे टिकमार्क. खाली एक ओळ, की ही सर्व माहिती मला समजेल अशा भाषेत देण्यात आली. त्याखाली सही, माझी. अॅडमिशनच्या रात्री साडेअकराला काउंटरवर डिपॉझिटची पावती, टीपीएचा फॉर्म, संमतिपत्र यांच्या गठ्ठ्यात तो कागद होता आणि पेनाच्या टोकाने "मॅडम, इथे, इथे आणि इथे" असं दाखवलं गेलं होतं. अॅप टाकताना 'आय अॅग्री' दाबतो तशी मी सही केली. तो कागद अण्णांच्या उपयोगासाठी बनलेलाच नव्हता. तपासणीला कुणी आलं तर दाखवायला बनला होता, आणि त्या कामाला तो चोख होता.

अर्धा दिवस मला स्वतःचाच राग आला. मग तो राग वाटेत जरा शहाणा झाला.

हॉस्पिटलच्या भिंती वाचून बघा कधी. तुम्हीही कुणाच्या तरी उशाशी बसलेले असालच. मोबाईलची बॅटरी संपली की वाचायला भिंतीच उरतात. आमच्या लॉबीत डॉक्टरांवरच्या हिंसाचाराविरुद्धच्या २०१० च्या कायद्याचा बोर्ड होता. मोठ्या अक्षरांत, स्वच्छ मराठीत, शिक्षेसकट. बिल भरल्याशिवाय अमुक होणार नाही, तमुक मिळणार नाही, हेही मराठीत. भेटीच्या वेळा मराठीत. थुंकू नये मराठीत. आणि अण्णांच्या बेडच्या वर हसऱ्या नर्सच्या फोटोसह लावलेलं पोस्टर इंग्रजीत: 'युअर सेफ्टी इज अवर प्रायॉरिटी', त्याखाली सहा सुरक्षा उद्दिष्टं बारीक इंग्रजीत. अण्णा सातवी पास. ते रोज त्या पोस्टरखाली झोपत होते.

कुठली गोष्ट कुठल्या भाषेत लिहिलीय यावरून ती कुणाला खरोखर समजावी असं वाटतं ते कळतं. आमच्याकडून काय हवंय ते मराठीत होतं. आम्हाला काय मिळायला हवं ते इंग्रजीत होतं. (आपल्या लाल डब्यात 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' हे मराठीत लिहिलेलं असतं. एसटी महामंडळाला एवढं कळतं.)

आणि हे नियमांअभावी होतंय असं अजिबात नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. त्यात सतरा हक्क आहेत, आणि सुरक्षित व दर्जेदार उपचारांचा हक्क त्यातलाच एक. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचे नियम २०२१ मध्ये सुधारले गेले, त्यात रुग्णहक्कांची सनद आली. केंद्र सरकारचा रुग्णसुरक्षेचा राष्ट्रीय आराखडाही २०१८ मध्ये आला. जागतिक आरोग्य संघटना १७ सप्टेंबरला रुग्णसुरक्षा दिवस पाळते. २०२३ चा विषयच होता, रुग्णांना सुरक्षेच्या कामात सामील करून घ्या. तीच संघटना सांगते की जगात उपचार घेणाऱ्या साधारण दर दहा जणांपैकी एकाला उपचारांतूनच काही ना काही इजा होते आणि त्यातली निम्म्याहून जास्त टाळता येण्यासारखी असते. कागद भरपूर आहेत. कागदावरून बेडपर्यंतचं अंतर मात्र कुणी चालत नाही.

इंजिनिअरिंगला असताना एका लेक्चरमध्ये थेरॅक-२५ ची गोष्ट शिकवली होती. परीक्षेला पाच मार्कांना येते, म्हणून पाठ केली होती. कॅन्सरच्या रुग्णांना किरणोपचार देणारं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्याने भयंकर जास्त डोस दिला, त्यातले काही दगावले. कारण सॉफ्टवेअरमधली चूक: ऑपरेटरने झटपट टाईप करून दुरुस्ती केली की यंत्राच्या दोन भागांचा ताळमेळ सुटायचा. आम्हाला शिकवलं ते एवढंच, 'रेस कंडिशन'. उत्तर लिहा, पाच मार्क घ्या.

अण्णांच्या बेडशेजारी बसून मी ती गोष्ट मोबाईलवर परत वाचली, आणि यावेळी भलतंच काहीतरी दिसलं. १९८५ मध्ये जॉर्जियातल्या एका बाईने टेबलावरून उठतानाच सांगितलं होतं की तुम्ही मला भाजलंत. तिला सांगण्यात आलं, असं होणं शक्यच नाही. १९८६ मध्ये टेक्ससमध्ये एका माणसाला पाठीत विजेचा झटका बसावा तसं झालं. ऑपरेटर बाहेरच्या खोलीत होती. तिच्या स्क्रीनवर 'मॅलफंक्शन ५४' एवढंच आलं. असले निरर्थक संदेश रोजच येत, म्हणून तिने पुढे जाण्याचं बटण दाबलं आणि त्याला दुसरा डोस बसला. आतल्या माणसाचं दिसावं-ऐकू यावं म्हणून कॅमेरा आणि इंटरकॉम होता. त्या दिवशी कॅमेरा जोडलेला नव्हता आणि इंटरकॉम बिघडलेला होता. शेवटी त्याने उठून दार बडवलं.

त्या यंत्रात चूक पकडणारा एकच सेन्सर चालू होता, तो म्हणजे टेबलावरचा माणूस. त्याच्यापासून बाहेर येणारी तेवढी वायर तुटलेली होती. मी पाच मार्कांसाठी चुकीची ओळ पाठ केली होती.

आपल्याकडे पेशंटला सुरक्षा 'शिकवणं' म्हणजे त्याने काय करू नये ते सांगणं. बेडवरून उतरू नका, सुई हलवू नका, बाहेरचं खाऊ नका. हे सगळं बरोबरच आहे, पण यातलं एकही वाक्य त्याच्याकडून काही ऐकण्यासाठी नाही. 'गोळीचा रंग कालच्यापेक्षा वेगळा दिसला तर विचारा' असं कुणी म्हणत नाही. 'दुसऱ्याच्या नावाने हाक मारली तर हो म्हणू नका, पूर्ण नाव सांगा' असं कुणी म्हणत नाही. शेजारच्या वॉर्डात दोन पाटील होते आणि दोघंही "पाटील काका?" म्हटलं की "हां" म्हणायचे. माणूस आजारी असला की त्याला कुणीही आपुलकीने हाक मारली तरी बरं वाटतं, तो कशाला दुरुस्त करेल? मनगटावरच्या पट्ट्यावर नाव आणि नंबर असतो, तो औषध देताना दर वेळी वाचायचा असतो, हे अण्णांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटत होतं तो पट्टा जेवणाच्या पाससारखा आहे.

माझा शाळेतला एक मित्र सरकारी मेडिकल कॉलेजात रेसिडेंट आहे. त्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर तो भडकला. "तुमच्या प्रायव्हेटमध्ये अठरा पेशंटमागे एक सिस्टर, आमच्याकडे कधीकधी चाळीस. प्रत्येकाने 'हे काय, ते कशाला' विचारायला सुरुवात केली तर औषधं कधी वाटायची? आणि प्रश्न विचारणारा नातेवाईक दुसऱ्या दिवशी दहा माणसं घेऊन येतो. आम्ही मार खाल्लाय. तू नाही."

यातलं प्रश्नांनी वेळ जातो हे मला पटत नाही. अण्णांच्या एका प्रश्नाला दहा सेकंद लागली असती. तो न ऐकल्यामुळे एक डॉक्टर, तीन सिस्टर आणि एक वॉर्डमधले मामा तासभर अडकले, एमआरआयची वेळ हुकली, आणि आणखी एका दिवसाचं बिल लागलं (ते आम्हीच भरलं). पण मारहाणीचं तो म्हणाला ते खरं आहे, आणि त्यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. नंतर विचार करताना वाटलं, माणूस ओरडतो तो बहुतेक वेळा साधं विचारायची वाट सापडली नाही म्हणून. तीन दिवस "डॉक्टर राउंडला आले की विचारा" ऐकायचं, राउंड दीड मिनिटात संपतो, चौथ्या दिवशी पेशंट गंभीर होतो. हे हात उचलण्याचं समर्थन नाही. हात उचलणाऱ्याला तुरुंगातच पाठवा. पण आधीच्या तीन दिवसांचंही काहीतरी करा.

आणि आपण नातेवाईक काही कमी नाही. मी सात दिवसांत काय काय पाहिलं सांगू? सलाईन लवकर संपावी म्हणून चाक फिरवून वेग वाढवणारे जावई. ऑपरेशनच्या सकाळी "घोटभर चहाने काय होतंय" म्हणून थर्मास उघडणाऱ्या मावशी. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं म्हणून उपाशी ठेवतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं हा एकादशीसारखा काहीतरी नियम आहे आणि आजाऱ्याला सूट असते. मॉनिटर सारखा वाजतो म्हणून त्याचा आवाज बंद करणारा माझ्याच वयाचा मुलगा. वैद्यांच्या पुड्या चालू आहेत हे डॉक्टरांपासून लपवणारे काका, "उगाच रागावतील" म्हणून. यातला एकही माणूस मूर्ख नव्हता. 'करू नका' एवढंच ऐकलेला माणूस पहिल्या संधीला करून बघतो. 'का' कळलेला बहुतेक वेळा थांबतो. मलाच विचारा, माझे निम्मे बग असेच आहेत.

एक सापळा मात्र दिसतो आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अमेरिकेत २००२ पासून 'स्पीक अप' नावाची मोहीम आहे: रुग्णांनो, बोला, विचारा. कल्पना चांगली. पण आपल्या हॉस्पिटलांच्या हातात ती पडली तर उद्या अण्णांसारख्याला ऐकवतील, "तुम्हाला सांगितलं होतं ना विचारायला? सही आहे तुमची." ज्याचं पोट दुखतंय, ज्याला ताप आहे, जो गुंगीत आहे, त्याच्यावर पहाऱ्याची ड्यूटी टाकायची आणि चूक झाली की त्याच्याच माथी मारायची. रुग्णाला शिकवणं हा शेवटचा अडसर असला पाहिजे, एकमेव नव्हे. उपाशी पेशंटचं इन्सुलिन रोखणं हे फाईलचं, चार्टचं, दोन डॉक्टरांचं काम होतं. अण्णांचं सांगणं हे वरचं कवच होतं. बाकीची सगळी कवचं गळाली तेव्हा तेवढं एक उरलं होतं, आणि तेही आम्ही काढून फेकलं.

म्हणून नुसतं शिकवण्याने भागत नाही, सांगितलेलं पुढे कुठे जातं हे ठरलेलं असावं लागतं. इंग्लंडमधली मार्था मिल्स नावाची तेरा वर्षांची मुलगी सायकलवरून पडली, स्वादुपिंडाला इजा झाली, लंडनच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखल झाली आणि २०२१ मध्ये सेप्सिसने गेली. आई सांगत होती की हिचं काहीतरी बिघडतंय. वेळेवर अतिदक्षता विभागात हलवलं असतं तर ती बहुधा वाचली असती, असं मृत्यूच्या चौकशीत निघालं. आईवडील भांडले आणि २०२४ पासून तिथे 'मार्थाज रूल' टप्प्याटप्प्याने लागू झाला: पेशंटची तब्येत ढासळतेय आणि वॉर्ड ऐकत नाही असं वाटलं, तर घरचे थेट दुसऱ्या तज्ज्ञ टीमला बोलावू शकतात. एक ठरलेला नंबर, पलीकडे उचलणारा माणूस. कुणाच्या पाया पडायचं नाही, कुणाच्या ओळखीचा नगरसेवक शोधायचा नाही.

आपल्याकडे तो नगरसेवकच आपला मार्थाज रूल आहे.

एसटीत ड्रायव्हर गाडी चालवतो, पण कंडक्टरने डबल घंटी दिल्याशिवाय ती हलत नाही आणि सिंगल घंटीला थांबते. ड्रायव्हर कितीही सीनियर असू दे. गाडी मागे घ्यायची तर कंडक्टर खाली उतरून शिट्टी मारतो. अण्णा सांगतात, नव्या पोरांना हे पहिल्या दिवशी शिकवतात, कारण ड्रायव्हरला मागचं दिसत नाही. यात ड्रायव्हरचा अपमान आहे असं एकतीस वर्षांत त्यांना कुठला ड्रायव्हर म्हणाला नाही. असा माणूस हॉस्पिटलात आला आणि तिथे दोरीच नव्हती. होती ती त्याच्या मुलीने हातातून काढून घेतली. आमच्या घरात शिकलेली मी एकटी. मोठ्या पगाराची, इंग्रजी वाचणारी. डॉक्टरांसमोर शहाण्यासारखं वागायचं म्हणजे गप्प बसायचं, हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं माहीत नाही, पण ते मी फर्स्ट क्लासमध्ये शिकले होते.

डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत मिळालं. साखर एक्केचाळीस झाल्याचा उल्लेख नाही. शेवटी लिहिलं होतं, 'हॉस्पिटल स्टे अनइव्हेंटफुल'. मी डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "शुगर कधीकधी लो होते, मॅनेज केलं ना आपण." जे लॉगमध्ये नाही ते घडलंच नाही. त्या तेवीस वर्षांच्या मुलीला कुणी काही बोललं असेल तर तेही असंच, कुठे न नोंदवता.

पित्ताशय काढायचं ऑपरेशन सहा आठवड्यांनी होतं. तिथेच, कारण कॅशलेस तिथेच. मागच्या मंगळवारी आम्ही पुन्हा त्याच काउंटरवर उभे होतो. तोच गठ्ठा. "मॅडम, इथे, इथे आणि इथे." एज्युकेशनचा कागद आला तेव्हा मी प्रत्येक टिकमार्कपुढे मराठीत लिहिलं, 'माहिती दिलेली नाही', आणि खाली सही केली.

काउंटरवरच्या मुलीने कागद बघितला, रागावली नाही, काही बोललीही नाही. तो बाजूला ठेवून तिने नवीन प्रिंट काढली. मी त्यावरही तेच लिहिलं. ती म्हणाली, "मॅडम, सगळे करतात हो सही." मागे रांगेत सात-आठ जण होते आणि एकाने मोठ्याने सुस्कारा सोडला. मला कानकोंडं झालं, पेन परत हातात घ्यावंसंही वाटलं. तिने कुणाला तरी फोन लावला.

वीस मिनिटांनी एक वयस्क सिस्टर आल्या. त्यांनी कागद वाचला, माझ्याकडे बघितलं, एक प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि अण्णांच्या समोर बसल्या. "काका, सांगते, ऐका," म्हणाल्या. हा पट्टा कशाला. इन्सुलिन किती वाजता, आणि जेवण नसेल तर काय बोलायचं. सुईची जागा दुखली, सुजली तर लगेच सांगायचं. रात्री बाथरूमला एकट्याने उठायचं नाही, कारण भुलीनंतर चक्कर येते. उद्या सकाळी चहा का नाही. घरच्या गोळ्यांची यादी अण्णांनी खिशातून काढली, तिकिटाच्या जुन्या पॅडच्या मागे लिहिलेली. त्यांनी ती वाचून फाईलला लावली. अण्णांनी मधेच विचारलं, "आणि सिस्टरनी ऐकलं नाही तर?" त्या जरा थांबल्या. मग कागदावर स्वतःच्या वॉर्डचा एक्स्टेंशन नंबर लिहून दिला.

घड्याळ बघितलं होतं मी. अकरा मिनिटं लागली. रांगेतले दोघंतिघं तोवर पुढे सरकून ऐकत उभे होते.